एडिसनचं सरकारी हायस्कूल: ठाण्याहून येणाऱ्या ताईंसाठी

ताई, तुम्ही विचारलंत की यजमानांची बदली न्यू जर्सीत एडिसनला होतेय, लेक ठाण्यात आठवीत आहे, तर तिथलं सरकारी हायस्कूल चालेल की खाजगी शाळा बघावी? आम्ही नौपाड्यातून इथेच आलो, दोन्ही मुलं सरकारी हायस्कूलमध्येच शिकली. माझं उत्तर: डोळे झाकून सरकारी.

ठाण्यात सरकारी शाळा म्हटलं की आपण नाक मुरडतो. इथे डॉक्टरांची, इंजिनिअरांची, दुकानदारांची मुलं एकाच इमारतीत जातात आणि फी नसते. शाळेचा मोठा खर्च गावातल्या घरपट्टीतून निघतो. शाळांचा कारभार बघणारं मंडळ लोक मतदान करून निवडतात, त्यामुळे शाळा म्हणजे गावाचा जिव्हाळ्याचा विषय.

ही व्यवस्था जुनी आहे. देशातलं पहिलं सार्वजनिक हायस्कूल 1821 मध्ये बोस्टनला निघालं. हायस्कूलसाठी कर घेता येतो, हे मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने 1874 मध्ये मान्य केलं आणि पुढे अशा शाळा वाढत गेल्या. एडिसन मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर फोफावलेलं उपनगर. घोडबंदर रोडला टॉवर उठले, तशी इथे शेतांवर घरं उठली. 1954 पर्यंत गावाचं नाव रॅरिटन होतं. थॉमस एडिसनची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा याच हद्दीत होती, म्हणून ते बदललं. एडिसन हायस्कूल 1956 चं. वस्ती वाढत गेली आणि 1964 मध्ये जे. पी. स्टीव्हन्स हे दुसरं हायस्कूल सुरू झालं. आज ओक ट्री रोडवर भाजीला गेलात तर निम्मे चेहरे आपलेच दिसतील, शाळेतही तसंच.

आता कामाचं. शाळा तुम्ही निवडत नाही, तुमचा पत्ता निवडतो. घराचा करार करण्याआधी तो पत्ता कोणत्या हायस्कूलकडे जातो, हे शाळा मंडळाच्या कार्यालयात विचारून घ्या. एजंटच्या शब्दावर विसंबू नका. मुलगी एच-४ व्हिसावर (नोकरीच्या एच व्हिसावर आलेल्याच्या कुटुंबाला मिळतो तो) असली तरी प्रवेश अडत नाही, पण एकविसाव्या वर्षी तो व्हिसा संपतो आणि ग्रीन कार्डची रांग लांब आहे. त्याचा विचार आत्ताच सुरू करा.

वेळ तुम्ही उत्तम साधताय. हायस्कूल नववी ते बारावी, आणि कॉलेजला जाणारे गुण नववीपासून धरतात. आठवी संपवून सप्टेंबरला नववीत बसली तर तिचा काही तोटा नाही. गणितात आपली मुलं बहुधा पुढे असतात. समुपदेशक वरच्या वर्गाची चाचणी देऊ करतील, जरूर देऊ द्या. निबंधात आणि वर्गात तोंड उघडून मत मांडण्यात मात्र सुरुवातीला अडखळेल.

खरी अडचण एकटेपणाची. इथे आपल्यासारखी 'नववी अ' नसते. घंटा झाली की शिक्षक जागच्या जागी राहतात आणि मुलंच दप्तर घेऊन पुढच्या वर्गाकडे पळतात. प्रत्येक तासाला शेजारी वेगळं. बाकावरची मैत्रीण मिळणार कुठून? ती मिळते शाळा सुटल्यावर, बँडमध्ये, रोबोटिक्समध्ये, टेनिसच्या संघात. माझ्या मुलीने कधी न धरलेली क्लॅरिनेट, म्हणजे फुंकून वाजवायचं वाद्य, हातात घेतली. मार्चिंग बँडचा सराव ऑगस्टमध्येच, उन्हात, पार्किंगच्या डांबरावर चालतो. शाळा उघडली तेव्हा डबा खायला तिच्याबरोबर बसायला कुणीतरी होतं. शुक्रवारी संध्याकाळी फुटबॉलचा सामना असला की पालक टपरी चालवतात. मी तिथे हॉट चॉकलेट विकायला उभी राहायचे. माझ्याही इथल्या पहिल्या ओळखी तिथल्याच. लेकीला अभ्यास सांभाळून एक तरी गोष्ट घ्यायला लावाच. 'आधी मार्क, मग बाकीचं' हे इथे मुलांना एकटं पाडतं.

मराठी सुटेल अशी धास्ती नको. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या, म्हणजे इथल्या मराठी मंडळांच्या संघटनेच्या, मराठी शाळा आहेत. प्रवेशाच्या अर्जात घरची भाषा विचारतील, तिथे बिनधास्त मराठी लिहा. फार तर इंग्रजीची चाचणी घेतील.

निघण्याआधी शाळा सोडल्याचा दाखला, सहावी ते आठवीच्या गुणपत्रिका आणि लसीकरणाची नोंद इंग्रजीत, डॉक्टरांच्या सही-शिक्क्यासह घ्या. कांजिण्यांची आणि हेपटायटिस बीची लस राहिली असेल तर ठाण्यातच उरकून टाका. टीबीची चाचणी इथे होईल. लहानपणच्या बीसीजी लसीमुळे त्वचेवरची चाचणी पॉझिटिव्ह दिसू शकते, तेव्हा घाबरू नका, रक्ताची चाचणी करून मागा.