भारतात कांद्याचं उत्पादन वाढतंय, मग मधूनच कांदा एवढा महाग का होतो?

तुमचा प्रश्न असा की कांदा आणि शॅलट (म्हणजे छोट्या कांद्याचा प्रकार) यांच्या उत्पादनाचा भारताचा आलेख वीस-पंचवीस वर्षं चढताच दिसतो, मग दर दोन-तीन वर्षांनी गिऱ्हाइकाचे वांदे कसे होतात? मी पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात एका आडतीवर हिशेब लिहितो. कांदा रोज डोळ्यांसमोर असतो, म्हणून उत्तर देतोय.

आधी आकडे बघू. 2000-01 साली देशात साधारण 47 लाख टन कांदा पिकला. 2010-11 ला तो 151 लाख टनांवर गेला आणि 2021-22 ला 316 लाखांच्या पुढे. चीनला मागे टाकून आपण पहिल्या नंबरवर आलो ते याच सुमाराला. त्यानंतर 2022-23 ला 302 लाख, 2023-24 ला धाडकन 242 लाख आणि 2024-25 ला परत 300 लाखांच्या वर. तुम्ही आंतरराष्ट्रीय आलेख बघत असाल तर तिथलं 2022 म्हणजे आपलं 2021-22, एवढं धरून चाला. शॅलटचं म्हणाल तर तमिळनाडूत पेरंबलूर, दिंडिगलकडे पिकणारा सांबाराचा छोटा कांदा सोडला तर बाकी सगळा माल आपला नेहमीचाच.

आता यातली खरी गोम. 2000 च्या आसपास हेक्टरी जेमतेम दहा-साडेदहा टन कांदा निघायचा. पुढच्या दहा-बारा वर्षांत तो सोळा टनांपर्यंत आला आणि तिथेच अडकून बसला. 2011-12 ला हेक्टरी 16 टन, 2021-22 ला पण 16 च. मधल्या काळात उत्पादन दुपटीच्या जवळ गेलं ते लागणीचं क्षेत्र जवळपास 11 लाख हेक्टरवरून 19 लाखांवर गेलं म्हणून. दक्षिण कोरियात हेक्टरी साठ टनांच्या पुढे काढतात. त्यांचं हवामान वेगळं, दिवसमान वेगळं, त्यामुळे सरळ तुलना करू नये, पण अंतर तर दिसतंच. पुण्याजवळ राजगुरुनगरला कांदा-लसणाचं केंद्रीय संशोधन संचालनालय आहे. भीमा सुपर, भीमा शक्ती ही वाणं तिथलीच. तरी पुष्कळ शेतकरी घरचंच बी टाकतात, पावसाळी रोपवाटिका झोडपली जाते, आणि करपा रोग आला की फवारणीवर फवारणी.

एकरी उतारा वाढत नसला की सगळा खेळ शेतकऱ्याच्या मनावर येतो. यंदा किती लावायचा, हे तो मागच्या हंगामाचा भाव बघून ठरवतो. फेब्रुवारी 2023 मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याला पाच क्विंटलवर कांदा विकून हातात दोन रुपयांचा चेक मिळाला होता, बातमी तुम्हीही वाचली असेल. राज्य सरकारने नंतर क्विंटलला 350 रुपये अनुदान जाहीर केलं, पण तोवर मन उडालं ते उडालंच. त्यात 2023 चा पाऊस ओढला. क्षेत्र घटलं आणि 302 चे 242 झाले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क आणि डिसेंबरमध्ये थेट बंदी. ती उठली मे 2024 ला. माझं स्पष्ट मत आहे की भाव पडल्यावर सरकार उशिरा येतं आणि चढल्यावर दुसऱ्या दिवशी हजर असतं.

तरी तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर वर्षाच्या बेरजेत सापडणारच नाही. डिसेंबर 2019 आठवा. किलोला शंभरी ओलांडली, इजिप्त-तुर्कस्तानचा कांदा मागवावा लागला. आणि त्या 2019-20 वर्षाचं उत्पादन? 260 लाख टन, आदल्या वर्षीपेक्षा तीस लाखांनी जास्त! झालं असं की सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या पावसाने हळवा, म्हणजे खरिपाचा कांदा शेतातच झोपवला. बेरीज वाढवली ती पुढे उन्हाळ्यात निघालेल्या गरव्या, म्हणजे रब्बीच्या कांद्याने. तो डिसेंबरात आपल्या ताटात कुठून येणार? वर्षाचा साठ-सत्तर टक्के कांदा हा गरवाच. मार्च ते मेमध्ये निघतो आणि चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये बसून ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत देशाला पुरवायचा असतो.

आणि तो पूर्ण पुरत नाही. ऑगस्टअखेर चाळीतली पिशवी गाळ्यावर ओतली की वरचा माल खडखडीत असतो, टरफलं कागदासारखी वाजतात. मध्ये हात घातला की बोटांना ओल लागते. मानेपाशी काळी पूड दिसली तर ती काजळी. कोंब आलेला वेगळा काढायचा, मऊ पडलेला फेकायचा, उरलेल्याचे गोळा (मोठा), गोल्टी (बारीक), बदला (हलका माल) असे ढीग. एप्रिलमध्ये शंभर किलो भरलेला असेल तर ऑक्टोबरात साठ-सत्तर किलो हाताला लागतो. काही नुसतं वजन उडतं, काही सडतं, काही कोंबात जातं. आलेखातला आकडा मात्र काढणीच्या वेळचा, म्हणजे शंभर किलोचाच.

सरकारी राखीव साठ्याचं लोक फार बोलतात. 2024 ला तो 4.7 लाख टन होता. देशाला महिन्याला साधारण 15 लाख टन लागतो, म्हणजे हा साठा नऊ-दहा दिवसांचा. शहरात भाव जरा दाबायला उपयोगी, हंगाम बुडाल्यावर नाही.

तेव्हा पुढचा भाव ताडायचा असेल तर वार्षिक उत्पादन बाजूला ठेवा. डिसेंबर-जानेवारीत गरव्याची लागण किती झाली, मार्च-एप्रिलमध्ये काढणीवर गारपीट झाली का, आणि सप्टेंबरात नाशिक, नगर, पुण्याकडे किती कोसळला, एवढं बघा. सप्टेंबरात धो धो झाला तर दिवाळीआधी चाकण किंवा मंचरच्या बाजारातला दहा किलोचा भाव रोज पेपरात वाचायला लागा.