ती हसते, म्हणजे तिला चालतं?

‘मुलांना वर्गात दिसण्यावरून चिडवतात. दुर्लक्ष करायला सांगू, की शाळेत तक्रार करू?’ पुण्यातल्या शाळांमध्ये समुपदेशन करताना ईशान्य भारतातून आलेल्या पालकांनी मला हे किती वेळा विचारलंय! आणि इथल्या पालकांचं ठरलेलं वाक्य, ‘अहो, चिडवाचिडवी कुठल्या वर्गात नसते?’

थोइबी (नाव बदललं आहे) नववीत होती. मे २०२३ मध्ये मणिपूर पेटलं, त्यानंतर आई तिला घेऊन इम्फाळहून मावशीकडे आली. वर्गात तिचं नाव पडलं ‘मोमो’. “घरी काही बोलत नाही,” आई म्हणाली, “फक्त डबा तसाच परत आणते.”

पहिल्या काही भेटींत मीही तिलाच खंबीर करू पाहत होते. एक दिवस ती म्हणाली, “मॅडम, मी भारतीय आहे हे रोज मीच का सांगायचं?” मी चपापले. दुखणं वर्गाचं होतं, औषध मात्र मी तिला पाजत होते.

मग ज्यानं ते नाव पाडलं होतं त्या ओंकारला (हेही नाव बदललेलं) बोलावलं.

“सगळेच म्हणतात, मॅडम. तीपण हसते.”

“कशी हसते? करून दाखव बरं.”

त्यानं ओठ ताणले, मान खाली घातली, नजर टेबलाच्या कडेला लावली. हुबेहूब थोइबी! इतके दिवस त्यानं ते नीट पाहिलेलं होतं. ओठ हळूहळू सैल झाले. बऱ्याच वेळानं तो पुटपुटला, “हे हसणं नाहीये.”

मी एक अक्षर बोलले नाही. कळायचं ते आतून कळू द्यावं, ही मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सची वाट मी कधी सोडलेली नाही. नुसती शिक्षा केली असती तर ते वाक्य त्याच्या तोंडून कधीच आलं नसतं.

पालकांनो, ‘दुर्लक्ष कर’ म्हणू नका. मुलाला त्यातून ‘सोस’ एवढंच ऐकू येतं. कोण, कधी, काय म्हणालं ते लिहून ठेवा आणि वर्गशिक्षकांना भेटा. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत निडो तानिया या अरुणाचलच्या विद्यार्थ्याला केसांवरून हिणवलं गेलं, भांडण झालं, आणि मारहाणीनंतर त्याचा जीव गेला. नंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीनं ईशान्येचा इतिहास अभ्यासात आणा, असं सुचवलं. शाळा मात्र अजून एखाद्या दिवशी त्या मुलांना पारंपरिक पोशाखात नाचायला लावून मोकळ्या होतात. त्यानं ती मुलं पुन्हा वेगळीच ठरतात. दोन गटांतली अढी जायला बरोबरीचा दर्जा आणि दोघांनाही गरज असलेलं एक काम हवं, हे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्टनं १९५४ मध्येच मांडलंय, आणि मला ते वर्गावर्गात पटत आलंय.

म्हणून विज्ञान प्रदर्शनाच्या एका गटात थोइबी आणि ओंकार दोघांना घ्यायला मी बाईंना सुचवलं. आधी थोइबीला विचारलं. तिनं दोन दिवस घेतले, मग हो म्हणाली. पाणी गाळायचं मॉडेल होतं. मी प्रयोगशाळेच्या दारात उभी होते.

“थोयबी, वाळू दे.”

“थोयबी नाही. थो-इ-बी.”

“थोइबी. वाळू दे ना, सगळं गळतंय!”