मुलगी ‘अभयारण्यवाल्यांत’ गेली तर गाव काय म्हणेल?

मालवण तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या मोठ्या जाळ्यात, त्यांचा वाटा आहे. मुलगी प्राणिशास्त्राच्या बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, गेल्या वर्षी 58 टक्के. तिला समुद्रातल्या संरक्षित क्षेत्रांच्या नियोजनात, मच्छीमारांबरोबर काम करायचं आहे. घरची अट अशी: दोन वर्षं एमपीएससी, नाही जमलं तर लग्न. ‘अगदी हट्टच असेल तर डायव्हिंगचा कोर्स लावून देऊ का?’ असंही त्यांनी विचारलं आहे.

नमस्कार. गुणांची काळजी तुम्ही तीन ओळींत उरकलीत आणि ‘ज्या अभयारण्याला आम्ही विरोध केला, त्यांच्यात मुलगी गेली तर गावात तोंड कसं दाखवू’ याला दीड पान दिलंत. मला खटकलं ते हेच. त्या दीड पानात मुलीचं स्वतःचं एकही वाक्य नाही. तिला हे का करायचं आहे, हे विचारलंत का? आणि ‘नाहीतर लग्न’ ही अट पुढच्या पत्रात नको. लग्न म्हणजे नापास झाल्याची शिक्षा नव्हे.

तुमचा राग मात्र खरा आहे. मालवणचं समुद्री अभयारण्य 1987 साली जाहीर झालं: एकूण 29.122 चौरस किलोमीटर, त्यात सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडच्या आसपासचा 3.182 चौरस किलोमीटरचा गाभा. प्रादेशिक समुद्रात अभयारण्याची हद्द आखताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाच्या हिताचं रक्षण केलंच पाहिजे, असं वन्यजीव कायद्याचं 26अ कलम सांगतं. पण ते आलं 1991 च्या दुरुस्तीने, म्हणजे तुमच्याकडे रेषा आखून झाल्यावर. आता मला सांगा, ते ‘हित’ कागदावर कोण मांडणार? कुठल्या महिन्यात, कुठल्या खडपावर, कुठल्या जाळ्याला काय मिळतं हे ज्याला कळतं आणि अहवालही लिहिता येतो, असं माणूस लागतं. अशी माणसं फार थोडी आहेत. तुमची मुलगी तीच होऊ बघते आहे.

डायव्हिंगबद्दल. या क्षेत्राविषयीचा सगळ्यात मोठा गैरसमज हाच, की काम पाण्याखाली असतं. प्रवाळांच्या नोंदी घेणारे लोक पाण्यात उतरतात, 50 मीटरची टेप अंथरून तिच्या कडेने मोजदाद करतात. तो कामाचा एक छोटा भाग. बाकीचं सगळं काम बंदरावर, लिलावात आणि बैठकीत. बैठका फसतात त्या साध्या कारणांनी. सकाळी अकराला बोलावलं तर रात्री जाळी टाकून आलेला माणूस झोपलेला असतो. बंदराबंदराचं वेळापत्रक वेगळं: रायगड-पालघरच्या डोलकरांना, म्हणजे प्रवाहात जाळं बांधून ठेवणाऱ्यांना, उधाणाचा जोरदार प्रवाह लागतो, म्हणून त्यांना भांगाच्या, म्हणजे मंद भरती-ओहोटीच्या, दिवसांत गाठावं. सगळ्यांना एकत्र बसवलं की मोठ्या बोटीचा मालक बोलतो आणि गरीवाले (गळाने मासे धरणारे), रापणकर माना डोलावतात. मासळी विकणाऱ्या बायकांना तर बोलावतच नाहीत, आणि यंदा मासळी केवढी लहान आली हे सगळ्यात आधी कळतं त्यांनाच.

म्हणून नकाशा वेगवेगळा काढायचा. किनाऱ्याची एक मोठी प्रत घ्यायची, तिच्यावर प्रत्येक गटासाठी एकेक पारदर्शक कागद: रापण, लहान जाळी, गरी, ट्रॉलर. जागांची नावं लोक म्हणतात तीच, आणि बाजूला महिने. मग कागद एकावर एक ठेवायचे. जिथे तीन कागदांवर एकच जागा रंगलेली दिसते, भांडण तिथे होणार. तिथे रेषा ओढण्याआधी चार बैठका जास्त घ्याव्यात. आणखी एक, हे शहरातून आलेल्या तज्ज्ञांना उशिरा उमगतं: चांगल्या जागा लोक सांगत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. अहवाल छापला की बाहेरच्या बोटी त्याच जागी हजर. मूळ नकाशा गावाकडेच ठेवायचा आणि अहवालात ढोबळ चौकोन दाखवायचे.

नियमही नुसते बंदीचे नसतात. सिंधुदुर्गात ट्रॉलरसाठी, म्हणजे जाळं ओढत नेणाऱ्या यांत्रिक बोटींसाठी, 40 मिलिमीटरच्या चौकोनी आसाच्या (आस म्हणजे जाळ्याचं भोक) जाळ्याचा प्रयोग झाला. ओढताना ताण आला की नेहमीच्या जाळ्याचे शंकरपाळ्यासारखे आस मिटतात आणि पिल्लं आत अडकतात; चौकोनी आस उघडे राहतात, पिल्लं निसटतात. कासव किंवा व्हेल शार्क सोडवायला जाळं कापलं तर राज्य सरकार 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं, पण सोडवल्याचे फोटो किंवा व्हिडिओ लागतात. होडीवर हात ओले, प्राणी धडपडतोय, अशा वेळी फोन कोण काढणार? ही अडचण आधी ओळखून खलाशांना तयार करणं, हेही याच नोकरीतलं काम.

वाटा थोडक्यात: डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेची प्रवेश परीक्षा, सागरी विज्ञानासाठी गोवा विद्यापीठ, वनक्षेत्रपाल व्हायचं तर एमपीएससी आहेच. एम.एफ.एस्सी.च्या (मत्स्यविज्ञानातलं पदव्युत्तर शिक्षण) बहुतेक विषयांना त्याच शाखेची पदवी, बी.एफ.एस्सी., लागते, तेव्हा अर्जाआधी पात्रता वाचा. 58 टक्के कुठेही आड येतील, असं मला वाटत नाही. संख्याशास्त्र कच्चं असेल तर ते मात्र आड येईल.

पगाराबद्दल लपवत नाही. वनविभागाचा कांदळवन कक्ष, मँग्रोव्ह फाउंडेशन, संशोधन संस्था, स्वयंसेवी संस्था, सगळीकडे बहुतेक जागा करारावरच्या. प्रकल्प संपला की नोकरी संपते. ही काळजी तुम्ही करायला हवी होती, पण पत्रात तिचा उल्लेखच नाही. तिने वनसेवेची परीक्षा जरूर द्यावी, पण पदव्युत्तर शिक्षण चालू ठेवून.

आणि गावाचं म्हणाल, तर पहिली दोन-तीन वर्षं तिने तुमच्या गावात काम करूच नये. रापणकराची मुलगी म्हणून ट्रॉलरवाले तिला विरोधी पक्षातच धरतील. देवगड, रत्नागिरी, कुठेही चालेल.

डायव्हिंगचे पैसे सध्या राहू द्या. त्याऐवजी एक वजनकाटा, एक मोजपट्टी आणि जाड वही. आठवड्यातून दोन दिवस तिने तुमच्याबरोबर लिलावाला यावं. होडी कुठली, जाळं आणि आस कोणता, किती तास, किती टोपल्या; एक टोपली वजन करून त्यातल्या 50 माशांची लांबी मोजायची. पापलेटाची किमान लांबी 135 मिलिमीटर ठरली आहे, त्याखालचे किती आले ते वेगळं लिहायचं. टोपली तिनेच निवडायची, मालकाने पुढे केलेली घ्यायची नाही. त्यात मोठे मासे वर रचलेले असतात. 31 मेपर्यंत नोंदी घ्या. 1 जूनला पावसाळी मासेमारीबंदी लागली की आकडे मांडायला वेळच वेळ. मग ती वही घेऊन पत्र लिहा, पण या वेळी ते तिने लिहू दे.