ऑफिसात जुना ब्राउझर चालू ठेवला तर खरंच काय बिघडतं?

तुम्ही विचारलंय की ऑफिसात विंडोज ७ वर जुनं क्रोम आहे, अँटिव्हायरस नवा आहे, आणि साहेब म्हणतात, "चालतंय ना, मग हात कशाला लावता?" यात धोका किती, आणि कोणता ब्राउझर घ्यावा? हे "चालतंय ना" मी नऊ वर्षं ऐकलं, म्हणून लिहायला बसलो.

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर, प्रिंटर, टॅली, कॅमेरे असं सगळं बघायचो. २६ मशीन आणि मी एकटा. सरकारी टेंडरं भरायला अकाउंट्समध्ये एक वेगळं मशीन होतं. विंडोज ७, इंटरनेट एक्सप्लोरर ११ आणि सहीसाठी लागणाऱ्या जावा या सॉफ्टवेअरची एक ठरावीक जुनी आवृत्ती. डिजिटल सिग्नेचरचं डोंगल तेवढ्यावरच चालायचं. २०१७ मध्ये एकदा जावा आपोआप अपडेट झालं, साडेचारला सहीची खिडकी उघडेना आणि पाचला टेंडर बंद झालं. दुसऱ्या दिवशी अकाउंट्सच्या साहेबांनी मॉनिटरच्या कडेला लाल स्केचपेनने लिहिलेली चिठ्ठी सेलोटेपने चिकटवली : "हे मशीन अपडेट करू नये." त्यांचा राग मला कळत होता. मालकांची बोलणी त्यांनीच खाल्ली होती.

पण असं मशीन टेंडरपुरतं राहत नाही. नेट आहे, खुर्ची रिकामी आहे, मग जेवणाच्या सुट्टीत कुणी रेल्वेचं तिकीट काढतो, कुणी ट्रान्सपोर्टचा माल कुठे पोचला ते बघतो, कुणी पोराचा निकाल. आणि सही चालावी म्हणून त्यावर पॉपअप ब्लॉकर बंद, ॲक्टिव्हएक्सला, म्हणजे साइटवरून ब्राउझरमध्ये चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामांना, मोकळीक, जावाची सुरक्षा सगळ्यात खाली. १४ जानेवारी २०२० ला विंडोज ७ चे फुकटचे सुरक्षा अपडेट थांबले. त्या जुलैत मी मेल केली : टेंडरचं मशीन ऑफिसच्या नेटवर्कमधून तोडा, त्यावर दुसरं काही उघडू देऊ नका, बाकीच्यांसाठी नवं मशीन घ्या. सोबत ४१ हजारांचं कोटेशन. उत्तर तोंडी आलं, "मग अँटिव्हायरसचे पैसे कशाला भरतो?"

फेब्रुवारी २०२१. शनिवारी संध्याकाळी डिस्पॅचच्या मुलाने एक फॉर्म शोधताना त्या मशीनवर कुठलीशी साइट उघडली. त्याने काहीही डाउनलोड केलं नव्हतं, मी नंतर त्याच्या शेजारी बसून हिस्टरी बघितली. पान उघडलं, जाहिराती आल्या, पान दोनदा आपोआप दुसरीकडे गेलं, त्याने बंद केलं. सोमवारी सकाळी टॅलीच्या फोल्डरमधली प्रत्येक फाइल उघडेनाशी झालेली, नावाला पाच अक्षरांचं शेपूट लागलेलं, आणि शेजारी पैसे मागणारी एक टेक्स्ट फाइल. डेटा सर्व्हरवर होता, पण या मशीनला तो फोल्डर सगळ्या हक्कांनी जोडलेला. बॅकअपची हार्ड डिस्क सर्व्हरला कायम लावलेली, तीही गेली. सीएंकडे डिसेंबरअखेरची प्रत होती म्हणून वाचलो. त्यापुढचं प्रत्येक व्हाउचर आम्ही तिघांनी बॉक्स फायलींतून काढून अकरा दिवस पुन्हा टाकलं. कार्बनच्या फिकट प्रतीवर ३ आहे की ८ हे ट्यूबलाइटखाली धरून बघायचं, कळलं नाही तर पार्टीला फोन करायचा. आणि मीटिंगमध्ये ठरलं काय, तर व्हायरस माझ्या पेनड्राइव्हमधून आला.

आता तुमच्या साहेबांच्या मुद्द्याकडे येतो. ब्राउझरच्या सुरक्षेतलं एखादं भोक बुजवलं की नव्या आवृत्तीसोबत ते जाहीर होतं, आणि क्रोमचा बराचसा कोड सगळ्यांना उघडा आहे. काय बदललं हे चोरही वाचतो आणि ज्यांनी अपडेट केलं नाही त्यांच्याकडे वळतो. म्हणून क्रोमने ऑगस्ट २०२३ पासून सुरक्षेचे अपडेट दर आठवड्याला द्यायला सुरुवात केली. त्याच सप्टेंबरमध्ये वेबपी चित्रांच्या कोडमधलं भोक उघड झालं. तिथे मुद्दाम बिघडवलेलं चित्र पानावर दिसणं पुरेसं होतं. "आम्ही भलत्या लिंकवर क्लिकच करत नाही" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. अँटिव्हायरस बहुतेकदा ओळखीचा चोर पकडतो, भिंतीतलं भोक बुजवत नाही. आणि ब्राउझरमध्ये बँक, मेल, जीएसटी यांची लॉगिनं उघडी असतात. त्या लॉगिनची ब्राउझरने जपून ठेवलेली खूण, म्हणजे कुकी, पळवली तर पासवर्डसुद्धा लागत नाही.

विंडोज ७ वर क्रोम १०९ च्या पुढे जातच नाही. ११० फेब्रुवारी २०२३ मध्ये आलं तेव्हाच ही विंडोज सुटली. त्यामुळे कोणता ब्राउझर, हा प्रश्न तुमच्यासाठी नंतरचा. आधी विंडोज बदला, मग क्रोम, एज, फायरफॉक्स, काहीही घ्या, फक्त दिवसातून एकदा बंद करून उघडा. अपडेट उतरलेलं असतं, पण चाळीस टॅब उघडे ठेवून लोक आठवडाभर ब्राउझर बंद करत नाहीत, आणि बंद करून उघडल्याशिवाय ते लागत नाही. जुन्या साइटसाठी एजमध्ये इंटरनेट एक्सप्लोरर मोड आहे, तो किमान २०२९ पर्यंत ठेवू असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय. ठरावीक साइट तेवढ्या त्यात उघडायच्या.

एक सांगायचं राहिलं. अपडेटने काम अडतं हे खोटं नाही, त्यामुळे आधी एका मशीनवर करून बघा, टेंडरच्या शेवटच्या दिवशी तर हातच लावू नका. शॉप फ्लोअरवरच्या यंत्राला जोडलेला जुना पीसी बदलता येत नसेल तर त्याची नेटची वायर काढा. आणि आमच्याकडे शिरकाव त्या पानातूनच झाला हे मी शंभर टक्के सिद्ध करू शकत नाही, कारण मी नको नको म्हणत असताना ते मशीन त्याच दिवशी फॉरमॅट करायला लावलं.

साहेबांना पटवायचं कसं, तर तोंडी वाद घालू नका. मशीन कोणतं, त्यावर काय काय उघडतं, नव्याला किती पैसे लागतील, हे एका पानात मेल करा. नकार तोंडी आला तर त्याच दिवशी दुसरी मेल टाका : "आपल्या बोलण्याप्रमाणे हे मशीन तसंच ठेवत आहे." ही दुसरी मेल मी केली नाही. जुलैच्या मेलची प्रिंट मी मीटिंगमध्ये टेबलावर ठेवली, तेव्हा आमचे साहेब म्हणाले, "ही आली होती, पण नंतर तूच म्हणालास की राहू दे." मी तसं कधीच म्हणालो नव्हतो.