गॅरेजची प्रश्नपेटी : कोड आला, आता मोजायचं काय?

प्रश्न : कॉमन रेल डिझेल पिकअप आहे. सकाळी लगेच चालू होते, पण मोंढ्यात माल उतरवून परत निघताना दहा-पंधरा सेकंद सेल्फ मारावा लागतो. स्कॅनरवर पी००८७ येतो. डिझेल फिल्टर आणि रेल प्रेशर सेन्सर नवे टाकले, फरक नाही. आता पंप उतरवू का?
— वाचक, जालना

उत्तर : पंप तूर्त राहू द्या. पी००८७ चा अर्थ एवढाच, की ईसीएमने (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरने) मागितला तेवढा दाब रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीत) तयार झाला नाही. का झाला नाही, ते कोड सांगत नाही. खरी खूण तुमच्या वर्णनातच आहे : त्रास फक्त गाडी तापल्यावर होतो. गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या इंजेक्टरमधून (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागातून) रिटर्नला, म्हणजे टाकीकडे परतणाऱ्या नळीत, जास्त पळतं. सेल्फवर पंप हळू फिरतो, त्याला ती गळती भरून काढता येत नाही. म्हणून तपासणीही इंजिन तापलेलं असतानाच करा. थंड गाडीवर सगळं ठीकच दिसेल.

सुरुवात स्कॅनरवरच्या लाइव्ह डेटापासून (चालू क्षणाच्या आकड्यांपासून). इंजिन बंद करून थोडा वेळ गेला, की इग्निशन ऑन करून रेल प्रेशर पाहा. ते शून्याच्या आसपास आणि सेन्सरचा सिग्नल साधारण ०.५ व्होल्ट असायला हवा. जुन्या सेन्सरवर हे आधी पाहिलं असतं, तर बहुधा नव्याचे पैसे वाचले असते. मग सेल्फ मारताना आरपीएम आणि प्रत्यक्ष दाब बघा. दाब २०० बारच्या आसपास पोचेपर्यंत (गाडीप्रमाणे १५० ते २५०) ईसीएम बहुतेक वेळा इंजेक्टर उघडतच नाही. आरपीएम १५० च्या वर जात नसेल, तर आधी बॅटरी आणि सेल्फकडे वळा. ते ठीक असेल तर फिल्टरच्या पुढे पारदर्शक नळीचा तुकडा जोडा. बुडबुडे दिसले, तर फिल्टरचं सील, हँड प्रायमर किंवा पाइपची क्लिप हवा घेते आहे.

इथपर्यंत काही सापडलं नाही, तर रिटर्न टेस्ट. चारही इंजेक्टरचे रिटर्न पाइप काढून सारख्या मापाच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडा. सुटलेल्या रिटर्न लाइनचं तोंड बूच मारून बंद करा, नाहीतर पंपाचं डिझेल तिथून बाहेर येतं. दोन-तीन मिनिटं आयडलवर चालवा, थोडी रेस द्या, बंद करून पातळी पाहा. एक बाटली बाकीच्यांपेक्षा दुप्पट-तिप्पट भरली, तर तोच इंजेक्टर. चारही भरभरून आल्या, तर कंपनीच्या मापाशी ताडून बघा. चारही कोरड्यासारख्या असतील आणि तरी दाब येत नसेल, तर रेलवरच्या रिलीफ व्हॉल्व्हची (जादा दाब सोडून देणाऱ्या झडपेची) रिटर्न नळी वेगळ्या बाटलीत सोडून सेल्फ मारा. तिथून डिझेल आलं तर व्हॉल्व्ह दाब धरत नाही. तेही नसेल, तर मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणारी झडप) आणि पंपाची पाळी.

ही पद्धत सोलेनॉइड (विद्युतचुंबकाने उघडणाऱ्या) इंजेक्टरची आहे. पिएझो (विजेने ताणणाऱ्या स्फटिकावर चालणाऱ्या) इंजेक्टरला रिटर्नमध्ये दाब टिकलेला लागतो, तिथे नळ्या मोकळ्या सोडू नका. आणि चालू इंजिनवर हाय प्रेशर पाइपचा नट सैल करून ‘मिसिंग’ (नीट न पेटणारा सिलिंडर) शोधायची जुनी सवय कॉमन रेलवर कायमची सोडा. ती धार कातडीतून आत शिरते. वर टाचणीएवढं भोक दिसतं, पण आत नुकसान मोठं असतं. असं झालं तर मलम लावत न बसता ताबडतोब दवाखाना गाठायचा.

प्रश्न : ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरचा सेल्फ ‘टक्’ करून थांबतो. बॅटरी नवी आहे. सेल्फच्या मोठ्या बोल्टवर मीटर १२.५ दाखवतो, म्हणजे करंट येतोय. सेल्फच गेला ना?
— वाचक, माजलगाव

उत्तर : १२.५ व्होल्ट येतात, याचा अर्थ करंट येतोय असा नाही. केबलची एकच तार शाबूत असली तरी मीटर पूर्ण व्होल्ट दाखवेल, कारण मीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही. सेल्फ काहीशे अँपिअर मागतो, तेव्हा पितळ उघडं पडतं. म्हणून मोजमाप किल्ली फिरवलेली असतानाच.

मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नव्हे), दुसरी सेल्फच्या बोल्टवर. सेल्फ मारताना ०.५ व्होल्टच्या आत हवं. मग निगेटिव्ह खांब ते सेल्फची बॉडी : ०.२ च्या आत. जास्त आलं तर पिन टप्प्याटप्प्याने पुढे सरकवा (खांब ते क्लॅम्प, क्लॅम्प ते लग म्हणजे केबलच्या टोकाचा धातूचा कान, लग ते चेसिस, चेसिस ते इंजिन). जिथे आकडा उडी मारतो तिथे दोष. ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवर बहुधा अर्थच्या लगखाली माती, गंज किंवा रंग सापडतो. धातू चकचकीत घासा, बोल्ट आवळा, वरून ग्रीस लावा. दोन्ही बाजू ठीक असतील आणि बॅटरीवर ९.६ पेक्षा जास्त व्होल्ट टिकत असतील, तर मात्र सेल्फ खोला.

बारीक वायरींसाठी २१ वॅटचा बल्ब लावलेला टेस्ट लॅम्प करून ठेवा. तो पावणेदोन अँपिअर ओढतो, त्यामुळे मीटरला फसवणारी वायर त्याच्यापुढे मान टाकते. ईसीएम आणि एअरबॅगच्या वायरींना तो चुकूनही लावू नका.

प्रश्न : कार दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. फ्यूज एकेक काढून पाहिले, पण आकडा सारखा बदलतो.
— वाचक, हिंगोली

उत्तर : फ्यूज काढला-घातला की झोपलेले कंट्रोल मॉड्यूल जागे होतात, म्हणून आकडा नाचतो. बॉनेट आणि दारं उघडीच ठेवून त्यांची कुलपं स्क्रू ड्रायव्हरने ‘बंद’ स्थितीत आणा, गाडी लॉक करा, किल्ली लांब ठेवा. निगेटिव्हला डीसी क्लॅम्प मीटर लावून अर्धा तास थांबा. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. एक अँपिअर असेल, तर दोन दिवसांत ४८ अँपिअर-तास जातात. छोट्या कारची सगळी बॅटरीच की ती!

आता फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या पाठीवरच्या दोन उघड्या टोकांवर मिलिव्होल्ट मोजा. शून्य असेल तर त्या सर्किटमधून काही जात नाही. आकडा आला ते सर्किट धरा. कुठल्याच फ्यूजवर नसेल, तर बॅटरीचं निगेटिव्ह काढून अल्टरनेटरची जाड वायर सोडवा, तिचं टोक इन्सुलेट करा, निगेटिव्ह परत जोडा आणि पुन्हा मोजा. गळती थांबली तर अल्टरनेटरचा डायोड गेलाय. बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टिम, जीपीएस आणि अलार्म मात्र सगळ्यात आधी बघा.

प्रश्न : उन्हाळ्यात एसीचा गॅस किती पीएसआय ठेवावा?
— वाचक, लातूर

उत्तर : पीएसआयवर गॅस भरूच नका. आर-१३४ए जातीचा गॅस असेल, तर ४० अंशांना बंद एसीवर गेज १३० पीएसआयच्या थोडं वर दाखवतो, सिस्टिममध्ये द्रव गॅस पुरेसा असो की थोडासाच. व्हॅक्यूम करून बॉनेटखालच्या स्टिकरवर असेल तेवढे ग्रॅम वजन करून भरा. चालू एसीवर मे महिन्यात हाय साइड (जास्त दाबाच्या बाजूचा गेज) २५० ते ३०० पीएसआय दिसणं नवलाचं नाही. त्याहून चढत असेल, तर गॅस काढण्याआधी कंडेन्सरचा पंखा फिरतोय का आणि जाळीत धूळ-कचरा किती, ते पाहा.