गूगलच्या आधी म्हणे माणसं बसून चांगल्या वेबसाइट्सच्या याद्या करायची, हे खरंय का? आणि आता तसं काही उरलंय का?

हो, खरंय, आणि दोन-चार हौशी लोक नाही, हजारो माणसं होती. मी २००२ पासून एका कॉलेजच्या लायब्ररीत आहे, बी.लिब. झाल्या झाल्या लागले, आणि सुरुवातीची काही वर्षं काउंटरवर मुलं जे विचारायची त्यातली बरीच उत्तरं मी या याद्यांमधूनच काढून दिलीयेत, त्यामुळे जरा लांब लिहितेय.

याद्या वेबइतक्याच जुन्या आहेत. वेब ज्यांनी तयार केलं त्या टिम बर्नर्स-ली यांनीच १९९१ ला सर्न या युरोपातल्या संशोधन केंद्रात एक विषयवार यादी सुरू केली, तीच पुढे व्हर्च्युअल लायब्ररी म्हणून ओळखली जायला लागली, एकेक विषय त्यातल्या एकेका जाणकाराकडे. मग १९९४ मध्ये स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी, जेरी यँग आणि डेव्हिड फिलो, स्वतःला बऱ्या वाटलेल्या साइट्सची यादी केली, तीच याहू. आज याहू म्हटलं की लोकांना मेल आठवतो पण मुळात ती यादी होती, आणि कुठला विषय कुठल्या विषयाच्या पोटात घालायचा ही सगळी मांडणी श्रीनिजा श्रीनिवासन या बाई बघायच्या. आमच्या क्षेत्रातल्या माणसाला विचारा, हे काम किती डोकं खाणारं असतं ते. "हळद" शेतीत टाकायची, स्वयंपाकात, आयुर्वेदात की लग्नविधीत?

सगळ्यात मोठं काम झालं डीमॉझ नावाच्या यादीचं. १९९८ ला सुरू झालं, लगेच नेटस्केप या ब्राउझरवाल्या कंपनीने घेतलं, आणि संपादक सगळे बिनपगारी. संपादक व्हायचं तर आधी एखादा छोटासा विभाग मागायचा, त्यात बसतील अशा दोन-तीन साइट्स वर्णनासकट लिहून पाठवायच्या, ते जमलं तर विभाग मिळणार. वर्णनात "सर्वोत्तम", "नंबर वन" असले शब्द चालत नसत, साइटवर काय आहे तेवढंच लिहायचं. मार्च २०१७ ला ते बंद झालं तेव्हा सुमारे ३८ लाख साइट्स आणि १० लाखांवर विभाग होते, आणि एवढ्या वर्षांत मिळून नव्वद हजारांच्या आसपास माणसांनी तिथे हात लावलेला होता. गूगलसुद्धा २०११ पर्यंत स्वतःची डिरेक्टरी, म्हणजे अशीच यादी, चालवत होतं ती डीमॉझच्याच मजकुरावर.

माझं स्वतःचं प्रेम मात्र ग्रंथपालांनी केलेल्या दोन याद्यांवर. एक कॅलिफोर्नियातली, लायब्रेरियन्स इंटरनेट इंडेक्स, बर्कलेच्या सार्वजनिक लायब्ररीतल्या एका ग्रंथपाल बाईंच्या बुकमार्कमधून वाढलेली, दर आठवड्याला नव्या साइट्सचं पत्र यायचं, मी त्याची प्रिंट काढून ठेवायचे. दुसरी इंटरनेट पब्लिक लायब्ररी, १९९५ ला मिशिगन विद्यापीठातल्या एका वर्गाने सुरू केलेली, तिथे प्रश्न मेलने पाठवला की खरा ग्रंथपाल उत्तर द्यायचा. २०१० मध्ये दोन्ही एकत्र आल्या आणि २०१५ मध्ये तेही काम थांबलं.

का थांबलं? वेब इतकं वाढलं की माणसं पुरेनात, नव्या साइट्सची रांग महिनोन्महिने पडून राहायला लागली, काही संपादक स्वतःच्या धंद्याची साइट पुढे सरकवतात अशा तक्रारी झाल्या, पैसा आटला. पण मुख्य म्हणजे जुन्या नोंदी सांभाळणं, यादी करणं त्या मानाने सोपं असतं, ती जिवंत ठेवणं अवघड. मीही आमच्या कॉलेजच्या मुलांसाठी अशी एक यादी ठेवते, तिच्यात संतसाहित्याची एक फार छान साइट होती, अभंग नीट पाठभेदांसकट दिलेले. तिच्या वेबपत्त्याचं नूतनीकरण करायचं राहिलं असावं, दुसऱ्याच कोणी तो पत्ता घेतला आणि तिथे जुगाराच्या जाहिराती लागल्या, आणि हे मला एफ.वाय.च्या एका मुलीने येऊन सांगितलं. फार वाईट वाटलं, कारण लायब्ररीच्या यादीत आहे म्हणून तिने विश्वासाने उघडली होती. तेव्हापासून वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि दिवाळीच्या सुट्टीत, मी प्रत्येक लिंक स्वतः उघडून बघते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळण्याआधी, गूगल असताना याची गरज काय ते सांगते. एक खरं उदाहरण देते. जुन्या मराठी शब्दाचा अर्थ शोधायला गेलात की वरती बऱ्याचदा मशीनने भाषांतर केलेली पानं येतात. पण शिकागो विद्यापीठाच्या साइटवर मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश दोन्ही आहेत, फुकट, आणि त्यात शोधता येतं. हे बऱ्याच मराठीच्या प्राध्यापकांनासुद्धा माहीत नसतं. आणि नुसती लिंक देऊन भागत नाही, मुलगा तिथे जाऊन "नाव" टाईप करतो आणि हवा तो शब्द मिळत नाही म्हणून परत येतो. कारण हे कोश १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांच्या आधीचे आहेत, तिथे "नांव" असं अनुस्वार देऊन शोधावं लागतं, "काही" नाही "कांहीं". म्हणून माझ्या यादीत त्या लिंकखाली दोन ओळी आहेत: जुन्या पद्धतीचे अनुस्वार देऊन बघा, आणि मोल्सवर्थमधले अर्थ इंग्रजीत आहेत. यादीची खरी किंमत या दोन ओळींत आहे असं मला मनापासून वाटतं, लिंक काय कुठेही मिळते. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या पाच सूत्रांतलं चौथं सूत्र आम्हाला पहिल्याच वर्षी पाठ करायला लावलेलं, वाचकाचा वेळ वाचवा. त्या दोन ओळींनी एकेका मुलाचा अर्धा तास वाचतो, मी रोज बघते.

दुसरं, काय घ्यायचं नाही हे ठरवणं. विश्वकोशाची नोंद आहे म्हटल्यावर तोच मजकूर उचलून चिकटवलेल्या दहा साइट्स मी यादीत घेत नाही, मुलं विचारतात ही का नाही मॅडम, तर मी दोन्ही उघडून शेजारी शेजारी दाखवते, कळतं लगेच.

आता काय उरलंय तर, डीमॉझच्या जुन्या संपादकांनी कर्ली नावाने ते काम पुढे चालू ठेवलंय. परदेशातल्या विद्यापीठांच्या लायब्रऱ्यांमध्ये विषयवार लिबगाइड, म्हणजे ग्रंथपालांनी केलेली उपयोगी साइट्स आणि पुस्तकांची पानं, असतात, विषयाचं नाव आणि लिबगाइड असं शोधा, बहुतेक सगळ्यांना उघडी असतात, करणाऱ्या ग्रंथपालाचं नाव आणि शेवटचा बदल कधी केला ती तारीख पानावर असते. मी ती तारीख आधी बघते, तीन वर्षांपूर्वीची असेल तर पुढे जाते.

मराठीत अशा याद्या फार थोड्या आहेत आणि ज्या आहेत त्या कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर पडून आहेत, माझीही कॉलेजच्या बाहेर कुणाला दिसत नाही. तुम्हाला नेमका कुठला विषय हवाय ते कळवा, भाषा, इतिहास, लोकसाहित्य यातलं असेल तर माझ्या यादीतला तेवढा भाग टिपांसकट इथेच टाकते.