अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कुटुंबांच्या स्थलांतरामुळे त्यांच्या मुलांच्या शिक्षणात काय बदललं?

सगळ्यात मोठा बदल म्हणजे हायस्कूल आवाक्यात आलं. साधारण 1910 ते 1970 या काळात सुमारे 60 लाख कृष्णवर्णीय लोक दक्षिणेतली राज्यं सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क, लॉस एंजेलिसकडे गेले. चांगली मजुरी आणि झुंडीच्या हिंसाचारापासून सुटका ही कारणं आपण ऐकलेली असतात. मुलांची शाळा हेही तितकंच खरं कारण होतं, ते विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

मिसिसिपीसारख्या राज्यात खेड्यातल्या कृष्णवर्णीय मुलांची शाळा कापसाच्या हंगामावर चालायची. वेचणी आली की वर्ग बंद. गोऱ्या मुलांनी वापरून झालेली पुस्तकं यांच्या वाट्याला, आणि हायस्कूल जवळपास नाहीच. रोझेनवाल्ड निधी (ज्यूलियस रोझेनवाल्ड या उद्योगपतीचा देणगी निधी), सरकारी पैसा आणि गावकऱ्यांची वर्गणी व श्रमदान यांतून जवळजवळ 5,000 शाळा उभ्या राहिल्या, पण बहुतेक प्राथमिक.

उत्तरेत शाळेचं वर्ष पूर्ण भरायचं. मात्र दक्षिणेतून आलेल्या मुलांना अनेकदा खालच्या इयत्तेत बसवलं जाई. वेगळ्या शाळांची सक्ती करणारा कायदा नव्हता, पण कृष्णवर्णीयांना घरं ठरावीक वस्त्यांतच मिळत, म्हणून शाळाही वेगळ्याच झाल्या. शिकागोत गर्दीमुळे शाळा दोन पाळ्यांत भरत, पुढे आवारात तात्पुरत्या खोल्या आणून ठेवल्या. आणि तिकडे गोऱ्या वस्त्यांतल्या शाळांत जागा रिकाम्या! याविरुद्ध 22 ऑक्टोबर 1963 रोजी शहरातल्या 2 लाखांहून जास्त विद्यार्थ्यांनी शाळांवर बहिष्कार टाकला.